अहो म्हणा, वसंतराव

नाही, त्या दारानं नाही, वसंतराव — तुम्ही इकडून बसायचं, डावीकडून. आणि किल्ली द्या. द्या हो, किल्ली माझीच आहे, गाडीही माझीच आहे, अरविंदनं ती तुमच्या हातात ठेवली म्हणून तुम्हाला आपली वाटायला लागलीय. ड्रायव्हर तुम्हीच, त्यात बदल नाही, तुमची नोकरी पक्की आहे — फक्त बसायचं डावीकडे. का म्हणजे काय — वर्षभर शेडमध्ये उभी आहे ती, इतक्या दिवसांनी बाहेर काढताना ओळखीचा हात लागलेला बरा. जनावराचं असतं तसंच. बसा. दार जोरात ओढा, ते एकदा लागत नाही. हां. ती पिशवी मागे ठेवा, तीळ आहेत त्यात, दर्भ आहे, माझा पंचा आहे. दहाला राम घाटावर पोचायचं, गुरुजी वेळेचे पक्के आहेत, आणि अरविंद इंदूरहून परस्पर तिकडेच येतोय. आज वर्ष झालं. अनसूयाला. माझ्या बायकोला. तुम्ही बघितलं नाहीत तिला, तुम्ही येऊन चारच दिवस झालेत — बघितलं असतंत तर तिच्या जागेवर असे अंग चोरून बसला नसतात. पायाशी काय बघताय? मॅट? फाटली असेल, चौऱ्याहत्तर सालची गाडी आहे, एकवीस वर्षांत माणसं फाटतात. मॅट सोडा, हे बघा — वाका, वाका जरा — माझ्या ब्रेकचं पॅडल बघा. रबरावरच्या रेघा दिसतात ना अजून? कंपनीतून आली तशी. लोकांची रबरं दोन-तीन वर्षांत गुळगुळीत होतात. ब्रेक न मारता गाडी चालवणं ही कला आहे, वसंतराव. तुम्ही मिलची जीप बावीस वर्षं चालवलीत म्हणता, किती वेळा रबर बदललंत? — तेच म्हणतो मी.

चला. फाटक उघडं आहे ना? — आहे ना, मला माहीत आहे, मी आपलं विचारलं.

आता तुमचं काम ऐका, सोपं आहे. समोर बघत राहायचं आणि काही आलं की म्हणायचं — नाही, 'साहेब' नाही. साहेबला वेळ लागतो. ताशी पंचवीसनं गाडी सेकंदाला सात मीटर जाते, हे मी तुम्हाला कागदावर काढून दाखवीन, 'साहेब, सायकल' म्हणेपर्यंत सायकल बॉनेटवर. 'अहो' म्हणायचं. — हो, अहो. त्यात लाजण्यासारखं काय आहे? अनसूया अहोच म्हणायची. आमच्या पिढीत बायका नवऱ्याचं नाव घेत नसत, आता सुना घेतात, घेऊ देत, पण माझं नाव गोपाळकृष्ण. विचार करा. 'गोपाळकृष्ण, म्हैस' — निम्मी म्हैस काचेतून आत आली असती. ती रीत ज्यानं कुणी पाडली त्याला मोटारी ठाऊक नव्हत्या, पण आमचे जीव त्यानंच वाचवले. म्हणून दाखवा बरं. — हे काय, नंदीच्या कानात नवस बोलल्यासारखं. मोठ्यानं. पोटातून. आणि एकसारखं नाही म्हणायचं, प्रत्येक वस्तूचं वेगळं असतं. तोडून म्हटलं, 'अहो', की डावीकडून सायकल. लांबवलं, 'अहोऽऽ', की पुढे काहीतरी आहे आणि त्याचं त्यालाच ठरत नाहीये — गाय, किंवा म्हातारा माणूस. शेवटी हसल्यासारखं केलं की ओळखीचं कुणी, हॉर्न वाजवायचा आणि हात करायचा. ह्यात मी पुष्कळदा अनोळखी लोकांना हात केलाय, कारण ती कधी कधी दुसऱ्याच कशाला तरी हसायची. आणि गप्प बसली की रस्ता मोकळा. हे महत्त्वाचं. गप्प म्हणजे मोकळा. तुम्ही आता गप्प आहात, तर मी हा चाललो —

टावर चौक आला ना? येणारच, फाटकापासून चारशे दहा मीटर. — शिट्टी? आपल्यासाठी? — हां भैया, नमस्ते. लायसन्स? है ना, एकदम पक्का है, दिखाता हूं. — ये? ये हमारे ड्रायव्हर हैं. — गाडी मैं चला रहा हूं, ड्रायव्हर बैठे हैं. — क्यों मतलब? इनको आराम की जरूरत है भैया, बाईस साल मिल की जीप चलाई, मिल बंद हो गई बेचारे की. — जी. जी, सुन लिया. जय महाकाल. — सोडलं. चांगला माणूस आहे. मिशा होत्या का हो त्याला? मला कान दिसले आणि शिट्टीची दोरी, मधलं — असो.

आता तुम्ही असे वळून बघू नका माझ्याकडे, समोर बघा, दोघांपैकी एकानं तरी समोर बघितलं पाहिजे. सांगतो. त्यात लपवण्यासारखं काही नाही, म्हणजे लपवलंय, पण लपवण्यासारखं नाही. चार वर्षं झाली, सिंहस्थाच्या आधीच्या हिवाळ्यात सुरू झालं. आंधळा नाही हो मी, छे. कडेचं सगळं लख्ख दिसतं. तुमच्या बाजूला आत्ता चपलांचं दुकान गेलं — गेलं ना? फक्त मधोमध एक डाग आहे. मी पीडब्ल्यूडीत ड्राफ्ट्समन होतो, चाळीस वर्षं नकाशे काढले, तर एकदा साहेबांनी नव्या नकाशावर चहाचा कप ठेवला होता, त्याचा असा तपकिरी गोल उमटला — तसाच. जिकडे बघावं तिकडे तो गोल आधी जाऊन बसतो. तुमच्याकडे बघितलं की तुम्ही जाता, तुमचे कान राहतात. नीट बघायला गेलं की जातं, दुर्लक्ष केलं की दिसतं. डॉक्टर म्हणाले, याला चष्मा नाही. मी म्हटलं, ठीक आहे, मला नकाशा आहे. ह्या शहराचा नकाशा मी काढलाय, अडुसष्ट साली, माझ्या हातानं, प्रत्येक वळण डोक्यात आहे. रस्ता माझ्याकडे, गर्दी तिच्याकडे, अशी वाटणी होती आमची. आता नकाशात नसलेल्या वस्तू लोकांनी करून ठेवल्यात, त्याला मी काय करू? फ्रीगंजात हा डिव्हायडर, एसटीडीच्या त्या पिवळ्या टपऱ्या, दर दहा घरांमागे रंगीत टीव्हीचं दुकान आणि त्याचे खोके रस्त्यावर. तीन खोके मी — रिकामे होते. अनसूयानं स्वतः उतरून बघितलं.

लायसन्स खरंच पक्कं आहे. डोळे तपासले तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून दाराच्या फटीतून तिनं तक्ता वाचला आणि मला पाठ करून दिला, वरपासून खालपर्यंत. आत गेलो तर डॉक्टर म्हणतात, खालून वर वाचा. वाचला. ट्रेसिंग करणारा माणूस आहे मी, उलटं पाठ असतंच. ते म्हणाले, बाबूजी, ह्या वयात अशी नजर मी पाहिली नाही. तिथून बाहेर आलो तर ती बाकावर डोळे मिटून बसलेली. म्हटलं, झालो पास. म्हणाली, अरे देवा. — आनंदानं हो.

उतरायचंय? पुलावर कसे उतरणार तुम्ही, मागे बस आहे ना, ऐकू येतेय मला. थांबायचं नाही इथे, चढ आहे. आणि उतरून काय करणार? अरविंदला सांगणार? सांगा की. तो उद्या गाडी विकेल, माझं राहू द्या, तुम्ही पुन्हा मिलच्या फाटकासमोर जाऊन बसाल, ते फाटक उघडायचं नाही आता, दोघांनाही माहीत आहे. — चुकलं. असं बोलायला नको होतं. पण सायकल होती ना आत्ता? टायरचा आवाज आला. अहो म्हणायचं होतं तिथे. मघापासून तुम्ही अंग आकसून बसताय पण म्हणत काहीच नाही. अंग आकसलेलं मला कसं कळणार?

अरविंद वाईट नाही. काळजी करतो. पण त्याची काळजी म्हणजे कशी — पहिल्यांदा किल्ली तांदळाच्या डब्यात लपवली, ती आठव्या दिवशी अनसूयाच्या वाटीत आली, भाताबरोबर शिजायची राहिली. मग मेकॅनिकला फितवून इंजिनातलं काहीतरी काढून नेलं. मी गाडीत बसतोय, किल्ली फिरवतोय, ही शेजारी बसून वाट बघतेय, अर्धा तास आम्ही शेडमध्येच बसलो. म्हणाली, आज इथूनच जाऊन आल्यासारखं करू. फार खुशीत होती त्या दिवशी, येताना तिनं — म्हणजे शेडमधून घरात येताना — गाणं म्हटलं. पुण्याहून मुलगी, जयू, अपघातांची कात्रणं पाकिटातून पाठवायची, लाल पेननं वय अधोरेखित करून. चालक, वय बहात्तर. चालक, वय एकोणऐंशी. मी तिला उलट एक कात्रण पाठवलं — चालक, वय चोवीस. मग तिनं पाठवणं बंद केलं. दोघंही आईला म्हणायची, तू तरी सांग ना अण्णांना. आणि ती काय सांगायची माहीत आहे? छान चालवतात हो ते. मी आहे ना शेजारी. अशी होती. भ्यायची नाही. तुम्ही चार मिनिटांत घामाघूम झालात, वास येतोय मला, ती तीन वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ बसली. सकाळी मंडई, संध्याकाळी हरसिद्धी. आणि बसायची कशी — मागे टेकायची नाही कधी, सीटच्या पार टोकाला, समोर डोळे लावून. मी म्हणायचो, टेक की आरामात. म्हणायची, असंच बरं. उत्साह हो.

आता उतार आहे, मी गिअर बदलतो, तुम्ही बोलत राहा. — बरं, नका बोलू, मीच बोलतो. एका रविवारी अरविंद म्हणाला, मी मागे बसतो आणि बघतो अण्णा कसे चालवतात. बसला. आम्ही निघालो, अनसूयाचं चालू होतं नेहमीसारखं, अहो, अहोऽऽ, अहो. पाच मिनिटांत पोरगं काय म्हणतं — आई, तू सारखी अहो अहो करतेस त्यानंच त्यांचं लक्ष उडतं. तुझीच भीती वाटते मला. आता गप्प बस बघू, घरी पोचेपर्यंत एक शब्द काढायचा नाही. झालं. तो इंजिनिअर, आम्ही त्याचे आईबाप, ऐकावं लागतं. तिनं तोंडात सुपारी धरली, बोलणं निघू नये म्हणून. मी बघतोय, आवाज नाही. आवाज नाही म्हणजे रस्ता मोकळा. आयुष्यात इतका मोकळा रस्ता मला कधी मिळाला नव्हता, वसंतराव, चाळीसपर्यंत गेलो असेन. मनात म्हटलं, रविवार आहे, सगळं गाव जेवून झोपलेलं दिसतंय. तर कुणाच्या तरी नव्या घराच्या वाळूच्या ढिगावर गाडी चढली आणि तिथेच राहिली, नाक वर करून. कुणाला काही झालं नाही, अरविंदचा पुढचा दात हलला तेवढा. आणि तिनं सुपारी गिळली. त्यावरून त्यानं काय ठरवलं असेल — अण्णांचं वय झालं. मी म्हटलं, अरे, ढीग नकाशात नाही. तो हिच्याकडे बघून म्हणतो, आई, तुला दिसला नाही का ढीग? तर म्हणाली, दिसला. पण तू बोलू नको म्हणालास. — हसलात ना? हसलात. हसा, बरं वाटलं. मीही पुष्कळ हसलो होतो. ती नाही हसली. हात धुवायला गेली आणि बराच वेळ पाण्याचा आवाज येत होता.

देवास गेट आलं. ही बसची गर्दी. इथे जरा — ओ भाई, जरा बाजू में, बुजुर्ग आदमी हैं गाडी में. मी, मी, दुसरं कोण. — गाय आहे? मग म्हणा ना लांबवून. 'साहेब गाय' नाही. अहोऽऽ. हां. बघा, गेली. तुम्हाला जमतंय. घशातनं निघतंय अजून, पण जमतंय. एकदा तिचा घसाच बसला होता, सर्दीनं, तर ती ताम्हन आणि पळी घेऊन बसली गाडीत. सायकलला एक टोला, गाईला लागोपाठ तीन. तर गोपाळ मंदिरापाशी लोक थांबून हात जोडायला लागले. त्यांना वाटलं गाडीतून देव चाललाय. कुणीतरी खिडकीतून झेंडूचा हार आत टाकला, एका बाईनं केळी दिली, आणि मागे चार-पाच माणसं चालायला लागली टाळ्या वाजवत. मला कडेनं दिसत होती. घरापर्यंत आली ती. तिनं सगळ्यांना चहा केला. काय करणार, प्रसाद मागत होते.

ताण होता का, म्हणून विचारलं हो डॉक्टरनं. नंतर. हृदयाचं दुखणं निघालं तिचं. म्हणाले, एवढं वाढलेलं कसं, बारीक अंगाची बाई, साखर नाही, काही नाही — घरी काही ताण होता का? मी म्हटलं छे, ताण कसला, मुलं मार्गी लागलेली, घर स्वतःचं, रोज दोन वेळा गाडीतून फिरून यायची माझ्याबरोबर. ते कागदावर काहीतरी लिहीत होते, लिहिता लिहिता थांबले. चांगले डॉक्टर आहेत.

पौषातली सकाळ होती, ही आजच्यासारखीच, गार. मी बाहेरच्या खोलीत खुर्चीत रेडिओ ऐकत होतो. आतून तिनं हाक मारली — अहो. तोडलेलं नाही, लांबवलेलंही नाही, मधलंच काहीतरी, त्यातलं ते नव्हतंच. मी आधी विचार करत बसलो हे कुठलं. आणि पाय, वसंतराव, उजवा पाय — मी खुर्चीतच दाबला. ब्रेक. दाबला आणि बसून राहिलो. सवयीनं वाटलं, थांबलो ना आता, झालं तिचं काम. पुन्हा हाक आली नाही. गप्प. गप्प म्हणजे — तुम्हाला सांगितलंच मी मघाशी गप्प म्हणजे काय ते. बातम्या संपेपर्यंत बसलो होतो मी.

कंठाळ गेलं का? गेलं असणार. इथून रस्ता अरुंद, पण सरळ. आता एक लक्षात ठेवा — गोपाळ मंदिर गेलं की घाटाच्या अलीकडे आपण जागा बदलायची, तुम्ही इकडे, मी तिकडे, म्हणजे अरविंदला लांबून दिसेल की ड्रायव्हर चालवतोय आणि अण्णा शेजारी बसलेत. त्याला बरं वाटेल. आजच्या दिवशी त्याला बरं वाटायला हवं, आई गेलीय त्याची. आणि उद्यापासून आपण दोघं — तुम्हाला त्रास काहीच नाही, नुसतं बसायचं आणि अहो म्हणायचं, मिलच्या जीपपेक्षा — काय? काय म्हणालात? —

थांबलो. थांबलो ना? लागलं का कुणाला?

कोण होतं? — बाई. म्हातारी? — हातात दुधाची बरणी. गेली का पलीकडे? नीट गेली? मागे वळून बघत होती का? — नाही बघितलं. बरं झालं. चालत गेली ना आपल्या पायांनी?

किती अंतर राहिलं होतं? — हात दाखवू नका, मला मधलं दिसत नाही. सांगा. — हातभर.

तुम्ही 'अहो' म्हणालात. म्हणजे ओरडलात. मी शिकवलेल्यातलं नव्हतं ते. — नाही, थरथरत नाहीये मी, इंजिन थरथरतंय. — इंजिन बंद आहे का? बरं. मागचे हॉर्न वाजवताहेत, वाजवू देत. वसंतराव, एक विनंती करतो, पुन्हा ते म्हणू नका. तसं नका म्हणू. चांगलं जमलं तुम्हाला, फार चांगलं जमलं, म्हणूनच नको. साहेब म्हणा, काका म्हणा, काही म्हणा. आणि या इकडे. इथेच बदलू जागा, घाटापर्यंत कशाला. मी बॉनेटला धरून येतो फिरून, हात नको, नकाशा आहे ना मला.

बसलो. दार — लागलं नाही, थांबा — लागलं आता. चालवा, हळू. एकवीस वर्षांत ह्या बाजूला मी पहिल्यांदा बसतोय, आहे की नाही गंमत? करायला काहीच नाही इथे. हात कुठे ठेवायचे? तिच्या मांडीवर पर्स असायची, तिच्यावर हात असायचे, घट्ट. मी म्हणायचो, कोण नेतंय तुझी पर्स. चालवता छान हो तुम्ही. ब्रेक फार वापरता, पण छान. रबर आता झिजायला लागेल त्याचं. झिजू दे.

पाय अडकतोय कशात तरी. तीच मॅट. — ही फाटलेली नाही, वसंतराव. फाटलेलं असतं ते कुठूनही, कसंही असतं. हे भोक आहे. गोल, टाचेएवढं. आणि पुढे — थांबा, हातानं बघतो, बघायला गेलं की डाग येतो मध्ये — पुढे पंजाच्या जागी सगळ्या रेघा गेल्यात, गुळगुळीत झालंय, खाली पत्रा लागतो. एकाच पायाची जागा आहे. उजव्या. ह्या बाजूला खाली काही असतं का हो? पॅडल वगैरे, काही? — नाही. नसतंच. मला माहीत आहे, मी आपलं विचारलं. पण टेकून बसलं तर माझाही पाय इथे पोचत नाही, मी उंच आहे तरी. इथे पोचायचं तर पुढे सरकावं लागतं. सीटच्या टोकाला यावं लागतं.

समोर काही आलं का? — हातगाडी. जाऊ दे तिला. तुम्ही ब्रेक मारलात ना आत्ता?

मीही मारला.

ती छान चालवतात म्हणायची. मुलांना सांगायची, मी आहे ना शेजारी.

आला घाट? — अरविंद उभा आहे? हात करतोय? हसतोय का? — बरं. तुम्हाला बघून हसत असेल, तुमच्या जागेवर. त्याला काही सांगू नका. म्हणजे सांगायचं तर सांगा, ते तुमचं तुम्ही बघा, गाडी विकायची म्हणाला तर विकू दे. ही मॅट तेवढी काढून — नको. राहू दे तिथेच. तुम्ही उतरा. पिशवी घ्या, गुरुजींकडे द्या, तीळ वरच्याच पुडीत आहेत. म्हणावं, येताहेत. अरविंदला इकडे पाठवू नका. — काही झालं नाही मला. बसतो जरा. जा तुम्ही.

दार लावून घ्या. जोरात, एकदा लागत नाही.